एकाच तळ्याचे तीन नमुने आणि तीन नावे : विषारी नीलहरित शैवालाची वसाहत ओळखताना वारंवार होणारा घोळ

पावसाळा ओसरून ऑक्टोबरचे ऊन तापू लागले की नागपूर आणि आसपासच्या तालुक्यांतून एकच तक्रार दरवर्षी येते. तळ्यावर हिरवी साय धरली, पाण्याचा नमुना तपासायला दिला, एका ठिकाणी एक नाव सांगितले, दुसऱ्या ठिकाणी दुसरे, आणि तिसऱ्याने तर ‘यात काही नाही’ असे लिहून दिले. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली असे पाणी पाहण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्याने या बाटल्या शेवटी माझ्याकडे येतात, आणि त्यांपैकी निम्म्या तरी परत पाठवाव्या लागतात.

यंदाचे उदाहरण हिंगण्याच्या पुढच्या एका शेततळ्याचे आहे. तळ्याला प्लास्टिकचे अस्तर आहे, पाण्यात मासे सोडलेले आहेत आणि काठावर बैलजोडी पाणी पिते. शेतकरी भाऊंनी फोनवर विचारलेला प्रश्न अगदी नेमका होता : “सर, हे पानी बैलाले पाजू का नको, येवढंच सांगा.” त्यांनी आठवडाभरात तीन बाटल्या पाठवल्या होत्या. पहिलीत मला मायक्रोसिस्टिस या, विष तयार करू शकणाऱ्या नीलहरित शैवालाच्या ठळक वसाहती (श्लेष्म्याने एकत्र धरलेले पेशींचे पुंजके) दिसल्या. दुसरीत सुट्या गोल पेशींखेरीज काही नव्हते आणि सहकाऱ्याने ते साधे हिरवे शैवाल ठरवले. तिसरीत गाळ होता. तळे तेच, पाणी तेच, आठवडाही तोच. खोलात गेल्यावर कळले की पहिली बाटली पहाटे साडेसहाला काठाच्या कोपऱ्यातून भरली होती, दुसरी दुपारभर दुचाकीच्या डिक्कीत राहिली होती, आणि तिसरी भर दुपारी तळ्याच्या मधोमध हात खोल घालून भरली होती. म्हणजे तिन्ही निरीक्षणे आपापल्या जागी बरोबर होती आणि गडबड बाटलीत झाली होती.

वसाहतीच्या रूपावरून ओळख पटवायची असेल तर ती वसाहत भिंगापर्यंत शाबूत पोहोचली पाहिजे. माझ्या अनुभवात चुकलेल्या बहुतेक ओळखींचे कारण इतकेच असते, आणि ते दूर करायला महागडे उपकरण लागत नाही.

ओळख काय सांगते आणि काय सांगत नाही

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढचा सगळा गोंधळ येथूनच वाढतो. वसाहतीचे रूप आपल्याला प्रजातीपर्यंत (जीनस), फार तर जातीपर्यंत (स्पीशीज) नेते. पाणी विषारी आहे की नाही, हे डोळ्याने ठरत नाही. मायक्रोसिस्टिन हे यकृतावर आघात करणारे विष तयार करण्यासाठी जनुकांचा एक ठरावीक संच लागतो. तो एका वसाहतीत असतो आणि तिच्या शेजारी तरंगणाऱ्या, हुबेहूब तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वसाहतीत नसतो. त्यामुळे ‘मायक्रोसिस्टिस दिसले, म्हणून पाणी विषारी’ हे विधान जितके कच्चे, तितकेच ‘थर पातळ आहे, म्हणून पाणी चालेल’ हेही.

मग ओळख कशाला पटवायची? कोणत्या विषाची चाचणी मागायची हे ओळखीवरून ठरते, म्हणून. मायक्रोसिस्टिस दिसल्यास मायक्रोसिस्टिन मागावे. डोलिकोस्पर्मम हे दुसरे नीलहरित शैवाल दिसल्यास मायक्रोसिस्टिनबरोबर मज्जासंस्थेवर परिणाम करणारे अ‍ॅनाटॉक्सिन आणि सॅक्सिटॉक्सिन हेही यादीत घ्यावे लागतात. राफिडिओप्सिस हे तिसरे असेल तर सिलिंड्रोस्पर्मोप्सिन या विषाचा संशय धरावा लागतो, आणि नुसती मायक्रोसिस्टिनची चाचणी करून आलेला ‘आढळले नाही’ हा शेरा तेथे खोटा दिलासा ठरतो. अशा चाचण्या स्वस्त नसतात, म्हणून कोणती करायची हे आधी ठरलेले बरे.

नमुना केव्हा आणि कोठून

या नीलहरित शैवालांच्या पेशींत वायुपुटिका असतात. प्रथिनांच्या ताठ भिंतींच्या या सूक्ष्म पोकळ नळ्यांमुळे पेशी तरंगते. दिवसा प्रकाशसंश्लेषणातून साठलेल्या कर्बोदकांचे ओझे वाढून वसाहती हळूहळू खाली जातात, रात्री ते ओझे खर्च होते आणि वारा पडलेला असेल तर पहाटेपर्यंत त्या पुन्हा वर येऊन साय धरतात. म्हणून पहाटेची साय दुपारी नाहीशी झाली तर तळे ‘आपोआप साफ झाले’ असे समजू नये. माल तेथेच आहे, फक्त खाली गेला आहे, किंवा वाऱ्याने समोरच्या काठाला लावला आहे.

त्यामुळे नमुना सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासाभरात, वारा ज्या काठाकडे वाहतो त्या काठावरून घ्यावा. माझा आग्रह दोन बाटल्यांचा असतो : एक सायीची, आणि दुसरी काठापासून थोडे आत, पृष्ठभागाखाली वीतभर खोलीवरून. पहिलीवरून ओळख पटते आणि दुसरीवरून पाण्यात एरवी किती माल पसरला आहे याचा अंदाज येतो. हातमोजे घालावेत, पाण्यात उतरू नये आणि वास घेण्यासाठी बाटली नाकाशी नेऊ नये. बाटली पाऊण भरावी, वर हवा ठेवावी आणि हलवू नये. थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या ठेवून त्यावर कापड, आणि कापडावर बाटली. बर्फाला थेट चिकटवू नये. बाटली अंधारात आणि थंडाव्यात राहिली तर वसाहती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बघण्याजोग्या टिकतात.

डिक्कीचा किस्सा मी स्वतः भोगला आहे. काही वर्षांपूर्वी मेच्या एका दुपारी अशीच बाटली डिक्कीत विसरलो आणि संध्याकाळी काढली तेव्हा पाणी चक्क आकाशी निळे झाले होते, वर पांढुरका चोथा आणि कुजका वास. पेशी फुटल्या की त्यांतील फायकोसायनिन हे निळे रंगद्रव्य पाण्यात उतरते, हे वर्गात शिकवणाऱ्याला ते असे शिकावे लागले. हीच खूण तळ्याच्या काठावर दिसली तर मात्र गांभीर्याने घ्यावी. काठाशी निळसर-पांढरा, ऑइलपेंट सांडल्यासारखा पट्टा म्हणजे तेथील पेशी मरून फुटत आहेत, आणि पेशींच्या आत असलेले विष, असलेच तर, आता मोकळ्या पाण्यात येत आहे.

काठावरच करायच्या परीक्षा

सायीत एक काडी फिरवून वर उचलावी. काडीला लांब, केसांसारखे हिरवे तंतू लोंबकळू लागले तर ते स्पायरोगायरासारखे तंतुमय हिरवे शैवाल आहे, ज्याला आपण नुसते शेवाळ म्हणतो. काडीवर रंगाचा लेप बसल्यासारखे दिसले, किंवा बारीक रव्याचे हिरवे दाणे चिकटले, तर नीलहरित शैवालाचा संशय धरावा. दाण्यांना चिमुकली पाने आणि खाली मूळ दिसत असेल तर ती लेम्ना किंवा अझोला ही पाणवनस्पती आहे. हे दहापटीच्या भिंगाने क्षणात कळते.

दुसरी परीक्षा बरणीची. स्वच्छ काचेच्या बरणीत पाऊण पाणी भरून झाकण सैल लावावे आणि रात्रभर फ्रिजमध्ये, खाद्यपदार्थांपासून दूर, अजिबात न हलवता ठेवावे. सकाळी हिरवा माल वर कडे करून बसला तर नीलहरित शैवालाची शक्यता मोठी, आणि तळाशी बसला तर साधे हिरवे शैवाल किंवा डायटम असण्याची शक्यता मोठी. या परीक्षेवर लोक वाजवीपेक्षा जास्त विसंबतात. एकपेशीय युग्लीना पोहत वर येऊ शकते, बोट्रिओकोकस हे हिरवे शैवाल आपल्यातील तेलामुळे तरंगते, आणि नीलहरित शैवालांपैकीच राफिडिओप्सिस असा ठळक थर धरत नाही, तेव्हा ते या परीक्षेतून निसटते.

म्हणून मला तिसरी परीक्षा अधिक भरवशाची वाटते, जरी ती फार कमी ठिकाणी केली जाते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हाइनरिश क्लेबान यांनी १८९५ मध्ये बाटलीत तरंगते शैवाल भरून बुचावर हातोडा मारला आणि त्या क्षणिक दाबाने वायुपुटिका चेपून शैवाल खाली बसते हे दाखवले. हातोडा आज आवश्यक नाही, दोन मिलिलिटरची सिरिंज पुरते. दाणेदार पाणी सिरिंजमध्ये ओढावे, तोंड वर करून हवेचा बुडबुडा पूर्ण बाहेर काढावा, सुईच्या जागी घट्ट टोपी लावावी आणि दांडा अंगठ्याच्या पूर्ण जोराने काही सेकंद दाबावा. सिरिंज मोठी घेतली तर हाताचे तेच बळ रुंद दट्ट्यावर विभागून दाब कमी पडतो, म्हणून लहानच घ्यावी. आणि डोळ्यांवर चष्मा असू द्यावा, कारण टोपी निसटली तर चिळकांडी थेट तोंडावर येते.

आता पाहण्याचे काम. दाबण्यापूर्वी सिरिंजमधील पाणी मातकट हिरवे, दुधाळ दिसते, कारण वायुपुटिका प्रकाश विखुरतात. दाब पडताच ते दुधाळपण जाते, पाणी गडद आणि पारदर्शक होते, आणि दाणे, जे क्षणापूर्वी वर चिकटून होते, ते सावकाश खाली उतरू लागतात. शेजारी न दाबलेल्या पाण्याची दुसरी सिरिंज धरली की फरक अंगावर येतो. चेपलेल्या वायुपुटिका पुन्हा फुगत नाहीत. पेशीला नव्या बनवाव्या लागतात, म्हणून दाणे तासाभरात परत वर आले तर काहीतरी चुकले आहे असे समजावे, बहुधा आत बुडबुडा राहिला असतो. तेलामुळे तरंगणारे बोट्रिओकोकस मात्र कितीही दाबले तरी बसत नाही. त्या शेततळ्याच्या पहिल्या बाटलीवर हीच परीक्षा भाऊंसमोर केली, तेव्हा ते म्हणाले, “हे त जीव सोडल्यासारखं खाली गेलं, सर.”

शंका राहिलीच तर टिंक्चर आयोडीनचा एक पातळ थेंब वेगळ्या स्लाइडवर टाकावा. हिरव्या शैवालातील स्टार्च काळा-निळा होतो, नीलहरित शैवाल तपकिरी राहते. युग्लीनातही स्टार्च नसल्याने तीही काळी होत नाही, पण ती आपण होऊन हलते, आणि तिला लाल डोळ्यासारखा ठिपका असतो.

सूक्ष्मदर्शकाखाली

येथे होणारी पहिली चूक कव्हरस्लिपची. वसाहत ही बुळबुळीत श्लेष्म्यात बसवलेल्या पेशींची गुंफण असते आणि काचेच्या वजनाने ती पापडासारखी लाटली जाते. मग जाळीदार वसाहत आणि घट्ट वसाहत यांत फरक उरत नाही. कव्हरस्लिपच्या चार कोपऱ्यांना व्हॅसलिनचे बारीक ठिपके लावून ती टेकवावी, किंवा पहिले निरीक्षण कव्हरस्लिपशिवाय ४० पटीवर करावे. दुसरी चूक लुगोलच्या (आयोडीनच्या) द्रावणाची. मोजणीसाठी ते उत्तम आहे, पण सगळे तपकिरी करून टाकते. ओळखीचा नमुना जिवंत पाहावा आणि मोजणीची बाटली वेगळी ठेवावी. विषाच्या चाचणीच्या बाटलीत तर लुगोलचा थेंबही पडू नये.

जिवंत मायक्रोसिस्टिस प्रथम पाहणारे विद्यार्थी हटकून म्हणतात की हे हिरवे नाही, काळे आहे. ते बरोबर पाहत असतात. खालून येणारा प्रकाश वायुपुटिकांमुळे विखुरतो आणि पेशी काळपट-तपकिरी ठिपक्यांसारख्या दिसतात. कव्हरस्लिपवर पेन्सिलच्या टोकाने नेमका दाब दिला की त्याच पेशी डोळ्यांदेखत फिकट निळ्या-हिरव्या होतात. सिरिंजची परीक्षाच ही, फक्त एका पेशीवर केलेली.

मायक्रोसिस्टिस एरुजिनोसा या जातीच्या पेशी गोल, साधारण ४ ते ६ मायक्रोमीटरच्या, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशीहून किंचित लहान असतात. कोवळी वसाहत घट्ट गोळा असते, पण वाढत गेली की तिला फाटे फुटतात आणि मधे भोके पडतात. नीट तळलेल्या अनारशाची जाळी ज्याने पाहिली आहे त्याला हे वर्णन पुरेसे आहे. वसाहत काही मिलिमीटरची होऊ शकते, म्हणून काठावर रवा दिसतो. तिचा श्लेष्मा विरळ आणि कडेला विरत जाणारा असल्याने नुसत्या डोळ्याला दिसत नाही. काळ्या ड्रॉइंग शाईचा थेंब कडेने सोडला की पेशींभोवती शाई न शिरलेले स्वच्छ वलय उमटते. मायक्रोसिस्टिस वेसेनबर्गाय हे भावंड ओळखायला शाईची गरज पडत नाही. त्याच्या श्लेष्म्याची कड काचेच्या बरणीसारखी लख्ख आणि आतील पेशी बरणीत सैल टाकलेल्या मण्यांसारख्या विखुरलेल्या असतात. हे भावंड बहुतांश वेळा विष तयार करत नाही असे आढळले आहे, पण ते एरुजिनोसाच्या संगतीत सापडते, तेव्हा त्याच्या दर्शनाने निश्चिंत होण्यात अर्थ नाही. मायक्रोसिस्टिस विरिडिसमध्ये पेशी आठ-आठच्या पुड्यांत रचलेल्या असतात आणि मायक्रोसिस्टिस फ्लोस-अ‍ॅक्वीची वसाहत भोकांशिवाय गच्च गोळा असते. ही शेवटची जात आणि कोवळी एरुजिनोसा यांत मी स्वतः पैज लावणार नाही. अशा वेळी अहवालात फक्त ‘मायक्रोसिस्टिस’ लिहिणे हा प्रामाणिकपणा आहे.

दुसऱ्या बाटलीत सुट्या पेशी दिसण्याचे उत्तरही यातच आहे. उष्णतेने आणि हादऱ्यांनी श्लेष्मा विरघळला की वसाहत मोडते आणि उरलेल्या सुट्या गोल पेशी क्लोरेलासारख्या हिरव्या शैवालाच्या वाटतात. मायक्रोसिस्टिस प्रयोगशाळेच्या माध्यमात बराच काळ वाढवले तरी असेच सुटे होते. सुट्या पेशी दिसल्या तर आत काळपट वायुपुटिका आहेत का ते पाहावे, आयोडीनचा थेंब टाकावा, आणि तरीही प्रश्न सुटला नाही तर नवी बाटली मागवावी.

डोलिकोस्पर्मम ओळखायला त्या मानाने सोपे आहे. मण्यांची माळ, कधी सरळ, कधी स्प्रिंगसारखी वळलेली. माळेत अधूनमधून एखादा मणी फिकट, जाड भिंतीचा, दोन्ही टोकांना चमकदार ठिपका असलेला दिसतो; ती नत्र स्थिर करणारी हेटेरोसिस्ट पेशी. शिवाय एखादा मोठा, लांबट, दाणेदार मणी म्हणजे पुढच्या हंगामासाठी गाळात जाऊन पडणारी अ‍ॅकिनीट. नावाचा एक घोळ येथे नेहमी होतो. महाविद्यालयीन प्रात्यक्षिकांच्या वह्यांत तरंगणाऱ्या या माळांना अजूनही अ‍ॅनाबिना म्हणतात, तर २००९ पासून वायुपुटिका असलेल्या जाती डोलिकोस्पर्ममखाली गेल्या आहेत. एका अहवालात अ‍ॅनाबिना आणि दुसऱ्यात डोलिकोस्पर्मम आले तर ते दोन जीव आहेत असे मानून घाबरू नये.

तंतूंच्या जुड्या बांधून तरंगणारे, कापलेल्या गवताच्या चुऱ्यासारखे दिसणारे अ‍ॅफानिझोमेनॉन आणि खोल, थंड सरोवरांना रक्तासारखा रंग देणारे प्लँक्टोथ्रिक्स रुबेसेन्स यांची छायाचित्रे फार फिरतात, आणि ती बहुधा युरोप किंवा उत्तर अमेरिकेतील असतात. आपल्याकडच्या उथळ, उबदार बोडीवर, म्हणजे छोट्या तळ्यावर, विटकरी थर दिसला तर माझा पहिला संशय युग्लीनावर जातो. सकाळी हिरवा आणि टळटळीत उन्हात लाल होणारा थर तिचाच. दुसरा संशय उन्हाने लाल पडलेल्या अझोलावर, आणि तिसरा, हसू नये, निर्माल्यातील गुलालावर. लोणार सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झाले होते तेव्हा मला अनेकांनी ते नीलहरित शैवालच का असे विचारले. ते हॅलोआर्किया हे मीठप्रेमी सूक्ष्मजीव होते, आणि तेथील खारे, अल्कधर्मी पाणी या विषयाच्या बाहेरचे आहे.

साय नसतानाचा धोका

ही बाब सर्वांत जास्त वेळा निसटते. राफिडिओप्सिस रासिबॉर्स्की, ज्याला २०१८ पर्यंत सिलिंड्रोस्पर्मोप्सिस म्हणत, ते साय धरत नाही. ते पाण्याच्या सर्व खोलीत पसरते आणि पाणी फक्त किंचित गढूळ, मेहंदीच्या पाण्यासारखे दिसते. त्याचे तंतू फार बारीक, दोन ते चार मायक्रोमीटर जाडीचे, आणि हेटेरोसिस्ट मधे नसून टोकाला, थेंबाच्या आकाराची असते. टोकाला थेंब आहे की नाही, हे ४०० पटीवर शोधावे लागते, आणि शोधायचे हे माहीत नसेल तर कोणी शोधत नाही. वरील परीक्षांपैकी काडीची येथे निरुपयोगी आणि बरणीची फसवी ठरते. माझ्या आग्रहातील दुसरी बाटली, पृष्ठभागाखालची, याच्यासाठी असते.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या पाम बेटावर १९७९ मध्ये १४८ जण, बहुतेक लहान मुले, यकृत आणि मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी पडले. त्याच्या काही दिवस आधी तेथील धरणात शैवाल मारण्यासाठी मोरचूद टाकले होते. पुढे त्या पाण्यातून हाच जीव आणि त्याचे विष सापडले. आपल्याकडे तळे हिरवे झाले की मोरचूद आणा म्हणणारे गावोगाव आहेत, म्हणून हे उदाहरण मी नेहमी देतो. मोरचुदाने पेशी फुटतात आणि पेशींत कोंडलेले विष एकदम पाण्यात मोकळे होते. तळे स्वच्छ दिसू लागते तेव्हाच पाणी सर्वांत वाईट असू शकते.

संशय पक्का झाल्यावर

पाणी उकळून उपयोग नाही. मायक्रोसिस्टिन उकळण्याने नष्ट होत नाही, पाणी आटून त्याचे प्रमाण उलट वाढते. अमेरिकेतील टोलेडो शहरात ऑगस्ट २०१४ मध्ये सुमारे चार लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका आणि उकळूही नका असे सांगावे लागले ते यामुळेच. तुरटी फिरवल्याने अखंड पेशी तळाशी बसतात, पण पाण्यात विरघळलेले विष तुरटीने निघत नाही. जनावरांना विहिरीचे किंवा नळाचे पाणी द्यावे आणि सायीच्या काठाकडे जाऊ देऊ नये. बैल, शेळ्या, कुत्री हे सर्व काठाशीच पितात, आणि साय काठाशीच जमते. शिंगाडे काढायला तळ्यात उतरणारे ढिवर बांधव आणि कार्तिकात छठपूजेसाठी अंबाझरीसारख्या तलावांच्या घाटांवर पाण्यात उभे राहणारे भाविक यांनाही हेच लागू आहे : जेथे साय दिसते तेथे उतरू नये आणि पाणी तोंडात जाऊ देऊ नये.

चाचणीसाठी पाणी गडद काचेच्या बाटलीत, थंड आणि अंधारात, त्याच दिवशी रवाना करावे. काही प्लास्टिकच्या भिंतींना मायक्रोसिस्टिन चिकटून राहते आणि अहवालात आकडा कमी येतो, म्हणून काच. प्रयोगशाळेला ‘एकूण’ मायक्रोसिस्टिन मोजायला सांगावे, म्हणजे नमुना गोठवून-वितळवून पेशी फोडून मग मोजणी होईल. नुसते विरघळलेले मोजले तर ताज्या सायीचे पाणी निर्दोष ठरू शकते. आलेला आकडा वाचायला जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक मूल्ये हाताशी ठेवावीत : मायक्रोसिस्टिनसाठी दीर्घकाळ पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मायक्रोग्रॅम, थोड्या काळासाठी १२, आणि पोहण्या-डुंबण्याच्या पाण्यात २४. सिलिंड्रोस्पर्मोप्सिनसाठी हेच आकडे अनुक्रमे ०.७, ३ आणि ६ आहेत. ही मूल्ये माणसांसाठी आहेत. बैल दिवसाला कितीतरी पटींनी जास्त पाणी पितो हे लक्षात घेऊन मी जनावरांच्या बाबतीत नेहमी सावध बाजूलाच राहतो.

बाटलीवरच्या चिठ्ठीत तारीख, वेळ, वारा कोणत्या दिशेचा, साय होती की नव्हती, खोली आणि बाटली कशात ठेवून आणली एवढे लिहिले असेल तर तपासणाऱ्याचे अर्धे काम झाले. तळ्याचे नाव मात्र सगळे लिहितात.

हिंगण्याच्या त्या तळ्याची चौथी बाटली या रीतीने आली. सायीच्या नमुन्यात जाळीदार मायक्रोसिस्टिस एरुजिनोसा भरपूर आणि डोलिकोस्पर्ममच्या वळलेल्या माळा तुरळक मिळाल्या. पृष्ठभागाखालच्या नमुन्यात टोकाला थेंब असलेला एकही तंतू दिसला नाही. त्याच दिवशी काचेची बाटली मायक्रोसिस्टिन, अ‍ॅनाटॉक्सिन आणि सॅक्सिटॉक्सिन या तिन्हींच्या चाचणीसाठी पाठवली आणि भाऊंना सांगितले की अहवाल येईपर्यंत बैल विहिरीवर न्या आणि सायीच्या कोपऱ्याला बाभळीच्या काट्या लावा. तिसऱ्या दिवशी वारा फिरला आणि साय समोरच्या काठाला गेली. मी फोन करण्याआधीच भाऊंनी काट्या उचलून तिकडे नेल्या होत्या.